संयमवीर सोनईला जातो

"अन्नाशी माझं नातं" या विषयावर दीडशे शब्द लिहून पाठवा, असं मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी एका बाईंनी फोनवर सांगितलं. लिहायची मला भीती नाही. अठ्ठावीस वर्षं सरकारी खात्यात टिपणं लिहितोय. एका गेटला गंज का चढला यावर मी चार पानं लिहिली आहेत, आणि ती मुंबईपर्यंत जाऊन कुणीही न वाचता परत आली आहेत. पण नातं? मी लिहिलं, "ताट समोर आलं की मी जेवतो. आलं नाही तर हाक मारतो." बाईंचं उत्तर आलं, की तुम्ही अजून नाकारण्याच्या अवस्थेत आहात. आता मी आयुष्यात काही नाकारलं असतं तर माझं वजन ब्याण्णव किलो कशाला झालं असतं, हे त्यांना कोण सांगणार.

झालं होतं असं, की ऑफिसात आरोग्य शिबिर आलं. डॉक्टरांनी माझ्या पोटाला टेप लावली, आकडा वाचला आणि शेजारच्या डॉक्टरांना बोलावून पुन्हा वाचायला लावला. मला ते अजिबात आवडलं नाही. पण इंदूने, म्हणजे आमच्या कुटुंबाने, तो आकडा पुण्याला निकिताला कळवला, आणि ही आमची कन्या एवढी कर्तबगार की संध्याकाळच्या आत मी 'हलकं जगू या' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपात दाखल झालो. दोनशे चौदा माणसं, आणि सगळ्यांच्या वर त्या फोनवाल्या बाई, निवेदिता मॅडम. मॅडमना कुणी पाहिलेलं नाही. त्यांच्या फोटोत फक्त एक काकडी आहे.

या ग्रुपात कुणी जेवत नाही. तिथे 'इनटेक' असतो. भूक लागत नाही, 'सिग्नल' येतो. भाकरीला भाकरी म्हटलं तर वजन वाढतं, म्हणून तिला 'मिलेट' म्हणायचं. माझं मूळ गाव पाथर्डीकडचं. आमच्या चार पिढ्यांनी दुसरं काही पिकत नाही म्हणून बाजरी खाल्ली आणि देवाला बोल लावले. ते सगळे 'क्लीन' होते, हे त्या बिचाऱ्यांना मरेपर्यंत कुणी सांगितलंच नाही.

आणि मोह. अरे बाप रे, तो मोह. आमच्याकडे मोह म्हणजे एकेकाळी परस्त्री, परधन असं काहीतरी भारदस्त असायचं. इथे एक नाशिकच्या बाई लिहितात, की ऑफिसात वाढदिवस होता, मी केकसमोर सात मिनिटं उभी राहिले, बोटाला क्रीम लागलं होतं, ते मी रुमालाने पुसलं. खाली एकसष्ट लोकांच्या टाळ्या. 'तू वाघीण आहेस', 'डोळ्यांत पाणी आलं'. एक साहेब चांगले इंजिनियर, पण कोपऱ्यावरची जिलेबी त्यांना हाक मारते म्हणून रोज दीड किलोमीटरचा वळसा घालून घरी जातात. जिलेबी कुणाला हाक मारत नाही हो. गेली तीस वर्षं मीच तिला हाक मारतोय. एका बाईंनी एक करंजी खाल्ली आणि रडका चेहरा टाकून लिहिलं, "मी आज स्वतःला माफ करते." करंजी कुणी केली होती, कशी झाली होती, सारण खवट तर नव्हतं, याबद्दल अक्षर नाही.

तुम्ही विचाराल, मग बाहेर का नाही पडलात? तर त्याला कारण घसरण-पत्रक. कुणी काही वावगं खाल्लं की त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत मोबाईलवर एक फॉर्म भरायचा. काय खाल्लं, किती, कुणाच्या संगतीत, त्या वेळी मनात काय होतं. नसेल खाल्लं तरी 'निरंक' म्हणून भरायचा. तो फॉर्म पाहिला आणि मला पहिल्यांदा मॅडमबद्दल आदर वाटला. मी शेरा नावाचा एक रकाना वाढवायला सुचवलं, ते त्यांनी ऐकलंसुद्धा. आता दोनशे चौदा माणसांत रोज नऊच्या आत बिनचूक निरंक पाठवणारा मी एकटा निघालो, यात नवल काय? तिसऱ्या आठवड्यात मला 'संयमवीर' जाहीर केलं. माझा फोटो, खाली सोनेरी अक्षरं. वजन दीड किलोच उतरलं होतं, पण नोकरीत अठ्ठावीस वर्षांत मला कुणी साधा गुच्छ दिलेला नाही. मी तो फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवला. खोटं कशाला बोलू, मी फुगलो.

आणि नेमका अधिक महिना लागला. तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना म्हणजे जावयांचा. सासरी पुरणाचे धोंडे करतात, कणकेच्या गोळ्यात पुरण भरून उकडायचे, वर वाटीने तूप ओतायचं, आणि जावयाला पाटावर बसवून तो नको म्हणेपर्यंत आणि म्हटल्यावरही वाढायचे. माझी सासुरवाडी सोनईची. सासूबाई राहीबाई, वय शहात्तर, आणि मेहुणा अंगद, ऊस आणि कांदा करणारा, माणूस भला. त्यांचं रविवारचं बोलावणं आलं.

त्या रविवारला आणखी एक महत्त्व होतं. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. पाच एकरांच्या उताऱ्यावर सासूबाई, अंगद आणि इंदू अशी तिघांची नावं लागली. आता बहिणीने आपला वाटा सोडल्याचा कागद करून द्यायचा आणि भावाने दर दिवाळीला साडी द्यायची, ही आमच्याकडची रीत. कागदाला दोनदा तारीख मिळाली होती. एकदा साक्षीदार लग्नाला गेला, एकदा लाईट गेली. आता नोंदणी कचेरीचं सोमवारचं टोकन होतं, म्हणजे धोंड्याच्या दुसऱ्या दिवशी. कागद झाला की बहीणभाऊ गोड, नाही झाला तर इंदूचं माहेर बंद. इतकं ते सरळ होतं. आम्ही मागणारी माणसं नव्हेत, असं मी चारचौघांत छाती काढून सांगत आलो होतो. मागायचं की नाही हे इंदूला मी कधी विचारलं नव्हतं, पण त्यात विचारण्यासारखं काय आहे असं मला वाटायचं.

मी ग्रुपात धोंड्याचं संकट मांडलं. मॅडमनी सांगितलं, की आग्रह करणारे नातेवाईक हे मोहाचे दूत असतात. त्यांच्यासाठी ग्रुपाचा 'तीन वाक्यांचा नकार' आहे, तो पाठ करा. "तुमच्या प्रेमाचा मी आदर करतो. पण हे अन्न माझ्यासाठी नाही. कृपया पुन्हा वाढू नका." कारण द्यायचं नाही, हसायचं नाही, नजर झुकवायची नाही. मी आठ दिवस केडगावच्या आमच्या न्हाणीघरात आरशासमोर ते म्हणत होतो. शेजारचे छगनराव भिंतीपलीकडून ऐकत असणार, कारण एके दिवशी फाटकात गाठून ते म्हणाले, हे कसलं पारायण लावलंय, सरळ शुगर झाली म्हणा, नगर जिल्ह्यात शुगरवाल्याला कुणी आग्रह करत नाही. अत्यंत शहाणा सल्ला होता. पण आजाराची ढाल करणं ग्रुपात निषिद्ध, आणि मी संयमवीर. शिवाय छगनराव स्वतः हुलग्याचं माडगं पिऊन वजन उतरवणार म्हणून वर्षभर सांगतायत आणि त्यांना फाटकातून बाहेर पडताना वळावं लागतं. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. इंदूला मी माझा निश्चय सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, की आईने तीन वर्षं वाट पाहिलीय, एक दिवस जेवा.

रविवारी मोटारसायकलवरून आम्ही निघालो. घोडेगावला भेळीच्या दुकानासमोर गाडी आपोआप हळू झाली, पण मी श्वास रोखून तो टापू पार केला आणि ग्रुपात कळवलं. चौतीस टाळ्या.

सोनईत ओसरीवर पाट, पाटाभोवती रांगोळी, उदबत्ती. ताटात चार धोंडे, कटाची आमटी, भजी, कुरडया, आणि शेजारी तुपाची लोटी घेऊन खुद्द सासूबाई. नियमाप्रमाणे मी ताटाचा फोटो काढला. घरच्यांना वाटलं, जावयाला कौतुक आहे. अंगद ताटाशेजारी येऊन उभा राहिला, दुसऱ्या फोटोत त्याला घ्यावं लागलं. मी तो ग्रुपात टाकला आणि मॅडमचं लगेच आलं, तुम्ही स्फोटक जागी आहात, वाक्यं म्हणा.

मी म्हटली. न हसता, नजर न झुकवता, तिन्ही. हे अन्न माझ्यासाठी नाही, हे वाक्य तर मी जरा जोरातच म्हटलं, कारण सासूबाईंना एका कानाने कमी ऐकू येतं. आणि पाटावरून उठलो.

आता मी जन्माचा इथला माणूस. धोंड्याच्या पाटावरून न जेवता उठलेल्या जावयाला आमच्याकडे एकच नाव आहे, रुसलेला जावई. हे मला कळायला हवं होतं. पण दोनशे चौदा परक्या माणसांच्या नादी लागून मी ते विसरलो, ही माझी अक्कल.

सासूबाईंनी लोटी खाली ठेवली. आमचं काय चुकलं, असं त्यांनी विचारलं. अंगद आत गेला आणि टॉवेल-टोपी घेऊन आला. मी वाक्यं म्हटली. तो पुन्हा आत गेला आणि सासऱ्यांची अंगठी घेऊन आला. मी घाईने सांगायला लागलो, की अहो, मी डाएट करतोय, वजन कमी करायचंय. सगळ्यांनी माझ्याकडे, विशेषतः मध्यभागी, नीट पाहिलं. कुणाचाही विश्वास बसला नाही. मग शेजारून इंदूचे चुलते कानिफनाथ आले. त्यांनी आयुष्यात अकरा रुसलेले जावई समजावले आहेत, त्यातला एक गाईसाठी तीन दिवस गोठ्यात बसला होता. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि निकाल दिला, "पोटाचं निस्तं कारन हाय. पाव्हण्याच्या मनात दुसरंच काय तरी हाय."

ते ऐकलं आणि अंगदचा चेहरा उतरला. उद्याचं टोकन त्याला आठवलं असणार. त्याने मला हाताला धरून लिंबाखाली नेलं आणि म्हणाला, दाजी, सरळ बोला, वीस गुंठे ठेवू का ताईच्या नावावर?

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी, ज्याने लग्नात साधं घड्याळ घेतलं नाही, तो मी धोंड्याच्या दिवशी जमिनीसाठी अडून बसतो? मी ताडकन म्हणालो, मला एक गुंठासुद्धा नको. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, तीस. मी म्हणालो, अरे बाबा, मला काहीही नको. कानिफनाथांनी लांबूनच मान हलवली, काही नको म्हणणारा जावई सगळ्यात महाग पडतो असं त्यांचं मत आहे. मी जितकं चिडून नको म्हणावं तितकी जमीन वाढायला लागली. दोन वाजेपर्यंत ती विहिरीच्या अंगाची एक एकर झाली होती आणि पाण्याची पाळीही आठवड्यातून दोन दिवस ठरली होती. सरकारी कचेरीत माझ्या नकाराला इतकी किंमत असती तर मी आज कुठल्या कुठे असतो.

इकडे खिशात फोन थरथरतोय. ग्रुपाला सगळा हिशेबवार वृत्तांत हवा होता, आणि मी मूर्ख तो देत होतो. खचू नका. तुम्ही आमची प्रेरणा. एका बाईंनी लिहिलं, की माझ्या सासूनेही मला लाडू देऊन तोडायचा प्रयत्न केला होता. मी लिहिलं, सासूबाई सकाळपासून उपाशी आहेत, जावई जेवल्याशिवाय त्या तोंडात पाणीही घेत नाहीत, रक्तदाबाची गोळी राहिलीय. त्यावर मॅडमनी लिहिलं, "त्यांची भूक ही त्यांची निवड आहे. तिचं ओझं तुम्ही घेऊ नका." खाली एकशे दोन टाळ्या.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. ओसरीवर सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या, लोटी अजून मांडीशी, आणि तूप गार होऊन थिजलं होतं. रुमालाने क्रीम पुसणाऱ्या बाईला वाघीण म्हणणारी माणसं, आणि एका म्हातारीच्या उपाशी पोटाला निवड म्हणतात. लाज वाटली मला. त्यांची वाटली आणि त्यांच्या सोनेरी अक्षरांनी फुगलेल्या माझीही वाटली. मी तिथल्या तिथे ग्रुप सोडला, ओसरीवर गेलो, पाटावर बसलो आणि म्हणालो, आई, वाढा, माझं चुकलं. अख्खा धोंडा उचलला आणि तोंडात घातला.

गार झालेलं पुरण टाळ्याला बसतं. मला गिळता येईना, बोलता येईना, आणि तेवढ्यात अंगणातून अंगदचा आवाज आला, की मिटलं, दाजींनी घास घेतला. कानिफनाथांनी दोन्ही हात वर करून शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की विहिरीच्या अंगाची एक एकर ठरली, पाव्हणं राजी हायेत. मी दोन्ही हातांनी नाही नाही करत होतो. ते त्यांना आणखी वाढा असं वाटलं. सासूबाईंनी अजून दोन धोंडे घातले.

शेवटी पाण्याच्या तांब्याने ते खाली ढकललं आणि मी उभा राहिलो. म्हणालो, ऐका सगळे, मी जमिनीसाठी रुसलो नव्हतो. मला एक इंच नको. उद्या इंदू ठरल्याप्रमाणे सही करील. मला वाटलं, आता तरी माझी अब्रू जागेवर आली.

"मी सही करणार नाही," इंदू म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सकाळपासून ती तिथेच होती, आणि आमच्यापैकी कुणीही तिच्याकडे वळून पाहिलं नव्हतं. हात पिठाचे होते.

"अडीच तास तुम्ही दोघं लिंबाखाली माझी जमीन एकमेकांना देताय आणि एकमेकांना परत करताय," ती म्हणाली. "हे एक वेळ जेवले नाहीत तर एक एकर निघाली. मी तीस वर्षं इथे येते, जे वाढाल ते जेवते, द्याल ती साडी नेते. मला कुणी पाव गुंठ्याचं विचारलं नाही. यांनीही नाही."

अंगद ओसरीच्या कडेला बसला. वाईट माणूस नाही तो, खरंच कळत नव्हतं त्याला. "तायडे, बोलायचं तरी," तो म्हणाला.

"तू इचारायचं तरी," इंदू म्हणाली. माहेरची बोली तिच्या तोंडून मी कित्येक वर्षांनी ऐकली.

कानिफनाथांना अकरा जावयांचा अनुभव होता, पण रुसलेली लेक त्यांच्याकडे कधी आलीच नव्हती, त्यामुळे ते टोपी काढून डोकं खाजवत राहिले. मला वाटलं, झालं, माहेर तुटलं. मी इंदूकडे पाहिलं, तिचे डोळे भरले होते पण ती दारातून हलली नाही. मग सासूबाई उठल्या. गुडघ्याला हात लावत, हळूहळू. त्यांनी मला पाटावरून बाजूला व्हायची खूण केली आणि लेकीला हाताला धरून पाटावर बसवलं, रांगोळीच्या आत, जावयाच्या जागी.

"म्या बी दिल्ता अंगठा भावाला," त्या म्हणाल्या. "तवा मला बी कुनी इचारलं न्हाई. साडी मातुर दर साली यायची. भाऊ गेला, साडी बी गेली." मग अंगदकडे वळून म्हणाल्या, "तिचं तिच्या नावावर ऱ्हाऊ दे. आन् ती इथं येनार. म्या हाय तवर आन् म्या नसल्यावर बी." अंगदने मान हलवली. थोड्या वेळाने उठून त्याने बहिणीपुढे पाण्याचा तांब्या भरून ठेवला.

सासूबाई इंदूशेजारी दुसऱ्या पाटावर बसल्या. सकाळपासूनच्या उपाशी होत्या. मी आपला रांगोळीबाहेर उभा, हनुवटीला तूप, काय करावं कळेना. तेव्हा त्यांनी लोटी माझ्या हातात दिली.

"वाढा आता, पाव्हणं."

मी लोटी चुलीशी धरून तूप पातळ करून आणलं. सासूबाईंच्या ताटात दोन धोंडे घातले, वर तूप घातलं. मग इंदूच्या ताटाशी वाकलो. किती वाढू, असं मी तिला विचारलं. लग्नाला तीस वर्षं झाली, पण हा प्रश्न मी तिला पहिल्यांदाच विचारत होतो, हे विचारल्यावर माझ्या लक्षात आलं. तिने मान वर केली नाही.

"मी बस म्हणेपर्यंत," ती म्हणाली, आणि मी वाढत राहिलो.